मुखलेपापूर्वीचा प्रश्न : वर्ण्य व केश्य उपचारांतील काही व्यावहारिक सूचना

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील चिकित्सालयांत वांग, तारुण्यपीटिका, चेहऱ्याचा काळेपणा व केस गळणे या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या लक्षणीय आहे. बहुधा ही तक्रार पहिली सांगितली जात नाही. अम्लपित्त, कंबरदुखी, पाळीची अनियमितता यांविषयी बोलून झाल्यावर, उठता उठता रुग्णा चेहऱ्याकडे बोट दाखविते. चिकित्सकही मग एखादा लेप व एखादे तैल लिहून देतो आणि विषय संपतो. या उपचाराकडे दुय्यम म्हणून पाहण्याची ही सवय महागात पडू शकते, म्हणून प्रस्तुत लेखाचे प्रयोजन.

सौंदर्योपचार आज तीन ठिकाणी होतो : वैद्याच्या चिकित्सालयात, औषधी दुकानात व ब्यूटी पार्लरमध्ये. तोच चेहरा या तिन्ही ठिकाणांहून जातो. पण एकाने काय लावले ते दुसऱ्यास ठाऊक नसते. त्यामुळे कोणताही लेप देण्यापूर्वी विचारावयाचा पहिला प्रश्न दोषांचा नाही, प्रकृतीचाही नाही. ‘आजवर चेहऱ्याला काय काय लावले?’ हा तो प्रश्न होय. त्याचे उत्तर ‘काही नाही’ असेच मिळते. क्रीम ही वस्तू लोकांच्या लेखी औषध नसल्याने ती सांगावयाची असते हे त्यांस सुचत नाही. म्हणून ट्यूब, डबी, पुडी जे असेल ते पुढच्या खेपेस घेऊन येण्यास सांगावे.

वर्ण्य म्हणजे गोरे करणारे नव्हे

प्रथम आपल्या शास्त्राची भूमिका स्पष्ट असावी. चरकाचार्यांनी इंद्रियस्थानाच्या पहिल्या अध्यायात कृष्ण, श्याम, श्यामावदात व अवदात असे चार प्राकृत वर्ण सांगितले आहेत. म्हणजे कृष्णवर्ण हा विकार नव्हे. तो प्रकृतिवर्णांत गणलेला आहे. नील, ताम्र, हरित इत्यादी वर्ण मात्र वैकारिक मानले आहेत. सूत्रस्थानातील वर्ण्य महाकषायात चंदन, तुंग, पद्मक, उशीर, मधुक, मंजिष्ठा, सारिवा, पयस्या, सिता व लता ही दहा द्रव्ये येतात. त्यांचे कार्य बिघडलेला वर्ण मूळ वर्णावर आणणे एवढेच आहे. सातपुड्यातील भिल्ल वा पावरा समाजातील सावळ्या मुलीस ‘आठ दिवसांत गोरी’ करणारे द्रव्य या यादीत नाही आणि असावयासही नको.

ही गोष्ट रुग्णेस पहिल्याच भेटीत सांगावी. मापही तिच्याच शरीरावर आहे. दंडाची आतील बाजू, जेथे ऊन लागत नाही, तो तिचा प्राकृत वर्ण. चेहरा त्या रंगापर्यंत आला की चिकित्सा पूर्ण झाली. हे दाखवून दिले की अवास्तव अपेक्षा पुष्कळ कमी होतात आणि ‘गुण आला नाही’ म्हणून तीव्र क्रीमकडे वळण्याचे प्रमाणही घटते.

बाजारातील क्रीम

आता मुख्य विषयाकडे वळू. गोरेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या क्रीमचे ढोबळमानाने दोन धोकादायक वर्ग आहेत. पहिला स्टेरॉइडयुक्त क्रीमचा. मोमेटासोन, हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन यांचे मिश्रण वांगासाठी त्वचारोगतज्ज्ञ काही आठवड्यांपुरते, देखरेखीखाली देतात. तीच ट्यूब पुढे मैत्रिणी-मैत्रिणींत फिरते आणि वर्षानुवर्षे रोजची क्रीम म्हणून लावली जाते. बीटामेथासोन व क्लोबेटासोलच्या ट्यूबांचेही तेच. पहिल्या पंधरवड्यात चेहरा खरोखरीच उजळतो, पुटकुळ्या बसतात. त्यामुळे विश्वास बसतो.

२०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात चेहऱ्याच्या त्वचाविकारांचे २९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर स्टेरॉइड लावीत होते व त्यांतील ९० टक्क्यांहून अधिक जणांत दुष्परिणाम आढळले. पुढे मार्च २०१८ मध्ये केंद्र शासनाने १४ बाह्योपयोगी स्टेरॉइडांना मिळत असलेली सवलत काढून ती अनुसूची ‘एच’ मध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत चिकित्सकाच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. औषधविक्रेत्या बंधूंनी हा नियम केवळ तपासणीपुरता न पाळता ग्राहकाच्या चेहऱ्याकडे पाहून पाळावा, ही विनंती. गजकर्णासाठी मागितली जाणारी स्टेरॉइड, बुरशीनाशक व प्रतिजैविक यांच्या मिश्रणाची ट्यूबही याच प्रकारची आहे. तिने खाज त्वरित थांबते, मंडलाची कडा पुसट होते आणि आत बुरशी वाढत राहते. असा नायटा नंतर ना वैद्याला ओळखू येतो, ना लवकर बरा होतो.

स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा ओळखणे अवघड नाही. त्वचा पातळ व चकचकीत दिसते, गालांवर बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे उमटते, एकाच आकाराच्या पुटकुळ्या एकाच वेळी उठतात, गालांवर व हनुवटीवर लव वाढते. चुलीजवळ वा उन्हात गेले की चेहरा पेटतो. परंतु निर्णायक आहे तो पूर्ववृत्तातील एक धागा. ‘क्रीम बंद केली की दोन-तीन दिवसांत चेहरा लाल होतो, पुन्हा लावली की बरा वाटतो’ असे रुग्णा म्हणाली की निदान जवळपास झालेच.

येथेच वैद्याची कसोटी आहे. असा चेहरा पाहून आपण पित्तप्रकोप म्हणतो, क्रीम बंद करावयास लावतो आणि त्याच दिवशी चंदन-मंजिष्ठेचा लेप देतो. तिसऱ्या दिवशी चेहरा सुजतो, जळतो, पुटकुळ्यांनी भरतो. हा क्रीम सोडल्याचा परिणाम असतो. पण रुग्णेच्या व तिच्या घरच्यांच्या दृष्टीने तो लेपाचाच दोष ठरतो. गावात बातमी पसरते की वैद्याच्या लेपाने तोंड भाजले, आणि ती मुलगी पुन्हा त्याच ट्यूबकडे जाते. यास्तव पूर्वकल्पना आधीच द्यावी : प्रथम चेहरा बिघडेल, हे काही आठवडे, क्वचित काही महिने चालेल. दीर्घकाळ वा तीव्र स्टेरॉइड वापरलेले असल्यास ते कसे कमी करावे हे त्वचारोगतज्ज्ञाच्या सल्ल्यानेच ठरवावे. यात कमीपणा नाही.

या काळात लेप, उटणे, वाफ, घासणी, फेशियल सर्व वर्ज्य. लिंबू तर मुळीच नको. थंड पाण्याने चेहरा धुणे, उन्हात ओढणी वा रुमाल आणि दाहासाठी शतधौत घृताचा पातळ थर एवढे पुरे. शतधौत घृत मात्र ताजे व थोडे करावे. त्यात पाण्याचा अंश राहत असल्याने ते लवकर खवट होते. तांब्याच्या परातीत धुणे योग्य, पण साठवण काचेच्या बरणीत असावी. आभ्यंतर चिकित्सा दोषानुरूप करावीच. सारिवा व मंजिष्ठा येथे उपयोगी पडतात.

पारा : दूरचा धोका नव्हे

दुसरा वर्ग पारदयुक्त क्रीमचा. पाऱ्याचे क्षार त्वचेतील रंगद्रव्याची निर्मिती थांबवितात म्हणून चेहरा उजळतो. परंतु पारा त्वचेवाटे शरीरात जातो आणि वृक्कांत साठतो. २०२३ च्या जानेवारीत अकोल्याची घटना वृत्तपत्रांतून आली होती. स्थानिक पातळीवर मिळालेली क्रीम वापरणाऱ्या एकाच कुटुंबातील मायलेकींना वृक्कविकार झाला व मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील तपासात क्रीममध्ये पारा सापडला. केरळात आर्यवैद्यशाळेमुळे आपणा सर्वांस परिचित असलेल्या कोट्टक्कल येथील एका रुग्णालयातील वृक्कतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळातील मेंब्रेनस नेफ्रोपॅथीचे २२ रुग्ण अभ्यासले. १५ रुग्णांत ‘नेल-१’ या प्रथिनाशी निगडित प्रकार आढळला आणि त्यांपैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावीत होते. क्रीम थांबविल्यावर बहुतेकांची प्रकृती सुधारली, ही त्यातील आशादायक बाब.

हाच ‘नेल-१’ प्रकार पारा असलेल्या पारंपरिक औषधांच्या सेवनाशीही जोडला गेला आहे, असे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ मध्ये मांडले. हा भाग आपल्या सभासदांना रुचणार नाही. तथापि तो टाळून पारदयुक्त क्रीमवर टीका करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. पारद, रसकर्पूर, हिंगूळ, सिंदूर, हरताळ ही द्रव्ये औषध नियमावलीच्या अनुसूची ‘ई-१’ मध्ये विषद्रव्ये म्हणून नोंदलेली आहेत. व्याधी असता, शोधनादी संस्कार करून, मर्यादित काळ त्यांचा विचार करणे निराळे. निरोगी मुलीच्या गालांवर केवळ रंगासाठी ती लावणे निराळे. माझ्या मते सौंदर्योपचारात पारदयुक्त मलहरास अजिबात स्थान नसावे.

पारदयुक्त क्रीमचा चेहऱ्यावर बहुधा अपाय दिसत नाही. उलट तो छान दिसतो. म्हणून पायांवर सूज, सकाळी डोळ्यांभोवती फुगीरपणा, लघवीला फेस या गोष्टी विचाराव्यात व रक्तदाब पाहावा. लघवीतील अल्ब्युमिन तपासण्याची पट्टी फार महाग नसते. ती प्रत्येक चिकित्सालयात असावी. दोष आढळल्यास क्रीमच्या डबीसह जिल्हा रुग्णालयात पाठवावे. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार प्रसाधनात अनवधानाने आलेला पारा, डोळ्यांभोवतीची प्रसाधने वगळता, दशलक्ष भागांत एका भागाहून अधिक असता कामा नये. परंतु आठवडे बाजारात वा होळीपूर्वीच्या भोंगऱ्या बाजारात विकल्या जाणाऱ्या डबीवर निर्मात्याचा पत्ताच नसेल तर हे नियम कोणाला लावावयाचे? पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक व घटकांची नावे नसलेली प्रसाधने औषधविक्रेत्यांनी दुकानात ठेवूच नयेत.

तोच न्याय आपल्या डब्यांना. स्वतःच्या रुग्णासाठी औषध तयार करून देण्याची मुभा कायद्याने वैद्यास दिली आहे. तेच ‘वैद्यांचे खास फेसपॅक’ म्हणून पार्लरमधून वा दुकानातून विकले गेले की ती मुभा संपते आणि अन्न व औषध प्रशासनाचा निर्मितीपरवाना लागतो. चिठ्ठी नसलेली डबी आपली असली तरी ती पुढच्या चिकित्सकासाठी अज्ञातच असते. कुंकुमादि तैलाविषयीही थोडे. केशराचा भाव किलोला लाखांत असताना अत्यल्प किमतीच्या बाटलीत गडद केशरी रंग कशाचा असेल, हे विक्रेत्याने स्वतःशी विचारून पाहावे.

लेप देताना

पूर्ववृत्त निर्दोष असल्यास लेप अवश्य द्यावा. शार्ङ्गधराने मुखलेपाचे दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे तीन प्रकार करून त्यांची जाडी अनुक्रमे पाव, एक तृतीयांश व अर्धा अंगुळ सांगितली आहे. लेप वाळू देऊ नये, ओला करून काढावा आणि लेप असताना मोठ्याने बोलणे, हसणे, रडणे, अग्नी व ऊन टाळावे, हे वाग्भटांचे नियम आजही तंतोतंत लागू आहेत. पार्लरमध्ये मुलतानी माती कडक होऊन भेगाळेपर्यंत ठेवतात व मग ओरबाडून काढतात. असे केल्याने कोरडी त्वचा अधिक कोरडी होते. विशेषतः हिवाळ्यात, तोरणमाळ-धडगावकडील कोरड्या थंडीत, मातीचा लेप टाळून दुधात वा तुपात कालवलेला यष्टीमधु-सारिवेचा लेप द्यावा.

नवा लेप प्रथम कोपराच्या आतील बाजूस लावून दोन दिवस पाहावे. ‘वनस्पतीच आहे, काय होणार?’ हा युक्तिवाद बावचीने केव्हाच खोटा पाडला आहे. बावचीतील सोरालेन उन्हाशी संयोग होताच फोड आणते. श्वित्रात वैद्य ती जाणीवपूर्वक वापरतो. उजळपणाच्या चूर्णात तिला स्थान नाही. लिंबाचा रस लावून उन्हात जाणेही याच कारणास्तव घातक.

बिब्ब्याचे स्थानिक महत्त्व वेगळे सांगावयास नको. डाग, चामखीळ यांवर बिब्ब्याचे तेल लावण्याची चाल आहे. त्याने होणारा दाह खोल असतो व काळा व्रण दीर्घकाळ राहतो. बिब्बा, काजू व आंबा एकाच कुळातील आहेत. त्यामुळे धडगाव परिसरात आमचूरसाठी कैऱ्या चिरणाऱ्या स्त्रियांच्या हातांवर व चेहऱ्यावर चिकाने पुरळ उठले असल्यास त्यास वांग वा पीटिका समजू नये. आणि अशा रुग्णेस भल्लातकयुक्त कोणतेही औषध देताना शतदा विचार करावा.

नंदुरबारच्या मिरची पथारीवर देठ खुडणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न आणखी निराळा. मिरचीतील तिखट द्रव्य पाण्यात विरघळत नाही. नुसत्या पाण्याने धुतल्यास ते पसरते. प्रथम हातांना गोडेतेल चोळून फडक्याने पुसावे, मग साबण लावावा. हा क्रम पाळल्याशिवाय त्या हातांनी चेहऱ्यास लेप लावला तर उत्तम लेपही जाळेल. कामावरून परतल्यावर लगेच नव्हे, तर सुटीच्या दिवशी लेप लावावा असे सांगणे अधिक शहाणपणाचे.

केसांविषयी

येथेही पूर्ववृत्ताचा प्रश्न तोच. शुद्ध मेंदी केसांना तांबूस-केशरी रंग देते. काळा रंग देत नाही. अर्ध्या तासात काळे करणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा पॅराफेनिलीनडायमिन, म्हणजे पी. पी. डी., असते. त्याची असहिष्णुता निर्माण झाल्यास कपाळ, कान व मान यांवर खाज व पाणी, पापण्यांवर सूज आणि पुढे चेहऱ्याच्या कडेने राखी-काळा डाग राहतो. या डागावर वर्ण्य लेप कितीही दिले तरी दर महिन्याचा कलप चालू असेपर्यंत ते व्यर्थ. एकदा असहिष्णुता आली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून ‘कंपनी बदलून पाहा’ हा दुकानातील सल्ला चुकीचा होय. कलप पोटात गेल्यास ती आणीबाणी असते. घसा व मान सुजून श्वास कोंडतो, लघवी काळसर होते. घरगुती उपायांत वेळ न दवडता रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

केस गळण्याच्या तक्रारीत तैल लिहिण्यापूर्वी कॅलेंडर पाहावे. विषमज्वर, हिवताप, बाळंतपण वा कडक उपास यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस मूठभर गळतात आणि रुग्णेच्या मनात त्यांचा संबंध जुळत नाही. कारण गेले की हे केस आपोआप परत येतात. श्रेय मात्र जे तेल त्या वेळी चालू असेल त्यास मिळते. गोल चट्ट्यात केस गेले तर ती चाई, म्हणजे इंद्रलुप्त. तेथे गुंजेसारखी तीक्ष्ण द्रव्ये वैद्याने स्वतःच्या हाताने, अल्प प्रमाणात वापरावीत. गुंजाही अनुसूची ‘ई-१’ मधील आहे हे ध्यानात असावे. दारुणकात तेल रात्रभर मुरवू नये. स्नानापूर्वी तासभर लावून शिकेकाईने धुवावे. साठलेल्या तेलाने कोंडा वाढतो.

तथापि आपल्या जिल्ह्यात सर्वांत महत्त्वाची गोष्ट टाळूत नसून पापणीच्या आत आहे. निस्तेज त्वचा, विरळ केस व थकवा घेऊन आलेल्या रुग्णेची पापणी ओढून पाहावी. पांडुता दिसल्यास हिमोग्लोबिन तपासावे. डोळ्यांत पिवळेपणा असल्यास, सांधे दुखत असल्यास वा घरात कोणास सिकलसेल असल्यास सोल्युबिलिटी तपासणीस पाठवावे. सिकलसेल आदिवासी समाजात येथे नवीन नाही. राष्ट्रीय निर्मूलन अभियानही १ जुलै २०२३ पासून सुरू झाले आहे आणि तपासणी शासकीय केंद्रांत मोफत होते. अशा रुग्णेस लोहकल्प देण्याची घाई करू नये. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णांत लोह आधीच साठलेले असू शकते. प्रथम अहवाल, मग मंडूर.

माक्याचे तेल द्यावे, पण मुदत सांगून. नवा केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे कपाळाजवळ बोटभर लांबीची नवी लव दिसावयास किमान तीन ते सहा महिने लागतात. पहिल्या भेटीत भांगाची रुंदी केसपेपरवर लिहून ठेवावी, त्याच ओळीत पूर्वी वापरलेल्या क्रीम, कलप व तेलांची नावे नोंदवावीत, आणि तिसऱ्या महिन्यात दोन्हींवर पुन्हा नजर टाकावी.